देवळालीचे मास्तर

विद्यापीठात संशोधन करणाऱ्याला गाइड असतो, ग्रँट असते, दरसाल प्रगतीचा अहवाल असतो. घरी संशोधन करणाऱ्याला फक्त घरचे असतात. ते अहवाल मागत नाहीत, आमटी वाढता वाढता विचारतात, "पण ह्याचा उपयोग काय?" व्हायवा परवडली.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना हा प्रश्न किती वेळा ऐकावा लागला असेल! फर्ग्युसनमध्ये शिकलेले, बी.एस्सी. झालेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. पीएच.डी. नाही, प्रयोगशाळा नाही. पण आकड्यांचा नाद असा, की डोंबिवली स्टेशनवरसुद्धा त्यांना गणित सुचलं. मला तिथे चौथी सीट मिळेल का, याखेरीज आजवर काही सुचलेलं नाही. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१. अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी सरळ स्टेशनचंच नाव दिलं. डोंबिवलीला तेव्हा डेमलो म्हणत, म्हणून 'डेमलो संख्या'. समिती नाही, ठराव नाही. मालकी हक्काची मजा असते ती ही.

त्यांची खरी कमाल मात्र ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा: ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. त्यापुढे कितीही वजाबाक्या करा, गाडी तिथून हलत नाही. फार तर सात खेपांत सगळ्या संख्या तिथेच येतात. चौथीच्या पोराला जमेल असं हे गणित, आणि ते तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. इथल्या बऱ्याच विद्वानांना तो पोरखेळ वाटला. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. विद्यापीठात असते, तर "विषय बदला" म्हणणारा कुणीतरी शहाणा त्यांना वेळेवर भेटलाच असता.

मलाही हल्ली हा नाद लागलाय. चार अंकी ओटीपी आला की आधी वजाबाकी. दारातला पार्सलवाला पोरगा म्हणतो, "काका, ओटीपी सांगता ना?" मी म्हणतो, "थांब रे, दोनच खेपा राहिल्यात."