बाटलीकाका

नाशकात कुणी ‘बाटल्या जमवतो’ म्हणालं की ऐकणाऱ्याची नजर आपोआप गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षमळ्यांकडे वळते. बाटलीकाका घाईघाईने खुलासा करतात, “तसल्या नाही हो, औषधाच्या! तळाशी थोडं उरलेलं असेल तर फारच उत्तम.”

बुधवारी गोदाघाटावर लोक मेथी-कोथिंबिरीला जातात. काका भंगाराच्या पथारीपुढे उकिडवे. बाटली हाती आली की अंगठ्याचं नख साच्याच्या शिवणीवरून वर सरकतं. शिवण मानेपाशी संपली तर तोंड हातानं घडवलेलं. थेट काठापर्यंत गेली तर यंत्रावरची, म्हणजे अमेरिकेतल्या ओवेन्सच्या १९०३ च्या यंत्रानंतरची. ती मुकाट्यानं परत पथारीवर.

निळी, अंगावर कंगोरे असलेली बाटली विषाची. अंधारात चाचपडलं तरी हाताला कळावं म्हणून. “आज कुणी करतं का एवढा विचार?” असं विचारत काका ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवतात. काकूंचं म्हणणं एवढंच की सैंधव कुठल्या बरणीत आणि आर्सेनिक कुठल्या, ते एकदा सांगून ठेवा.

क्लोरोडाइनवर तर काकांचा फार जीव. कॉलिस ब्राउन या गोऱ्या लष्करी डॉक्टरनं कॉलऱ्यावर काढलेलं हे औषध: अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म, सगळं एकाच बाटलीत. “आमची आजी पोटदुखीला थेंब थेंब घ्यायची. कधी चिडलेली पाहिली नाही तिला!” पैसा पैसा वर्गणीतून १९०८ साली तळेगावात उभ्या राहिलेल्या पैसाफंड कारखान्याची काच एकदा हाती लागावी, ही त्यांची काशी.

जुन्या वळणाचे डॉक्टर गेले की दहाव्याला काका रामकुंडावर हजर. घरच्यांना वाटतं, केवढी माया! परवा पिंडाला कावळा शिवेना. धाकट्याचं लग्न लावून देऊ, आईला अंतर देणार नाही, सगळं कबूल करून झालं. ऊन चढलं, गुरुजी दर्भाच्या कावळ्याची भाषा बोलू लागले. तेवढ्यात काका पुढे झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “डॉक्टर, दवाखान्यातल्या बाटल्यांची काळजी नको. एकूण एक मी सांभाळीन!”

कावळा झपकन शिवला.

मुलगा बिचारा काय बोलणार? संध्याकाळी दवाखान्यापुढे छोटा हत्ती उभा होता आणि काका हमालावर ओरडत होते, “अरे, आडवी नको धरू, बूच सत्तर वर्षांचं आहे!”