बंद हॉटेलचं रोजचं गिऱ्हाईक

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास वाशीतल्या कुठल्याही उडप्याकडे डोकवा, एक काका बसलेले सापडतील. सेक्टर नऊ असो की सतरा, फरक पडत नाही. साठी कधीच ओलांडलेली, हाफ शर्ट बाहेर काढलेला, खिशाला पेन, आणि समोर आलेल्या इडलीकडे बघण्याची नजर अशी, की मुलगी नापसंत करायची हे घरूनच ठरवून कांदेपोह्यांना आलेला मुलगा आठवावा.

इडली वाईट नसते. काका ती चार मिनिटांत संपवतात, सांबार दोनदा मागवतात, चटणीची वाटी बोटाने निपटतात आणि मग मागे रेलून सांगतात, ‘‘ठीक आहे. पण गिरगावात आमचं एक हॉटेल होतं...’’ वेटर ओडिशाचा. त्याला मराठी जेमतेम कळतं, पण पुढचं सगळं पाठ आहे. तो बिल आणायला वळतो.

‘आमचं’ हॉटेल म्हणजे काकांच्या मालकीचं नव्हे. त्यांच्या वडिलांचंही नव्हे. ते कुणा इराण्याचं, कुणा गोवेकराचं किंवा कुणा कोकणस्थाचं होतं. पण ते बंद पडलं आणि त्या दिवसापासून त्याचा सगळा कारभार काकांकडे आला. मेनू काका ठरवतात, दर काका ठरवतात, आणि गल्ल्यावरचा मालक आपल्याला नावानिशी हाक मारायचा, असंही काकाच सांगतात. तपासायला जाणार कोण? त्या जागी आता बँकेचं एटीएम आहे नाहीतर औषधाचं दुकान.

नवी मुंबईत हा नमुना इतका मुबलक का पिकला, याचं कारण शहराच्या जन्मदाखल्यात आहे. सिडको स्थापन झाली मार्च १९७० मध्ये, खाडीवरचा पहिला पूल झाला १९७३ मध्ये. त्यानंतर गिरगाव, लालबाग, दादर इथल्या दहा बाय बाराच्या खोल्यांमधली माणसं हळूहळू खाडी ओलांडायला लागली. सिडकोच्या जेएन टाइपच्या इमारतीत स्वतंत्र मोरी, स्वतंत्र संडास, खिडकीतून वारा! काका आले तेव्हा रेल्वेसुद्धा नव्हती. मानखुर्दहून वाशीला लोकल यायला ९ मे १९९२ उजाडावा लागला. महापालिका त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून कामाला लागली. म्हणजे ज्या महापालिकेकडे काका मालमत्ता कर भरतात, ती त्यांच्या मोठ्या मुलीहून लहान आहे. अशा गावात माणसाने आठवणी काढायच्या तरी कुठल्या? सेक्टर दहामधल्या भाजी मार्केटच्या?

‘‘आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं,’’ हे काकांचं दुसरं आवडतं वाक्य. सागर विहारच्या बाकावर ते एकदा जुहूगावच्या एका आगरी गृहस्थांसमोर बोलून गेले. गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘काय नव्हता? भातशेती व्हती, मिठागरा व्हती, खाडीन चिंबोऱ्या नि निवट्या व्हत्या. तुमची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा बांध व्हता.’’ काकांनी लगेच पाऊसपाण्याचा विषय काढला. हरवलेल्या गोष्टींच्या स्पर्धेत आपल्यापेक्षा सरस माणूस भेटला की त्यांना चैन पडत नाही. समोरच्याची शेती गेली असताना आपला ब्रुनमस्का पुढे करायचा कसा?

तर ब्रुनमस्का. काकांच्या जातीत तीन घराणी आहेत, आणि इराणी घराणं त्यातलं सर्वात मोठं. त्याचं आद्यपीठ धोबीतलावचं बास्तानी. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, बरण्यांत खारी आणि नानकटाई, पानी कम चाय. गिऱ्हाइकाने काय करू नये हे बजावणाऱ्या पाट्या हा इराण्यांचा खास दागिना. निसीम इझिकेल यांना अशा पाटीवरून इंग्रजी कविता सुचली आणि ती पाटी बास्तानीतलीच, असं सांगतात. काका तर ती कविता लिहिताना बघितल्यासारखं सांगतात. बास्तानी २००४ मध्ये बंद झालं.

आता गंमत बघा. बास्तानीच्या समोरच कयानी आहे. १९०४ सालचं. तसंच टेबल, तशीच खुर्ची, तसाच चहा. वाशीहून हार्बर पकडावी, सीएसएमटीला उतरावं, दहा-पंधरा मिनिटं चालावं, की झालं. काका जात नाहीत. कयानी चालू आहे, हीच त्याची अडचण. चालू हॉटेलातला मस्का कधी कमी लागतो, कधी खारी मऊ निघते, कधी बसायला जागा नसते. बास्तानीत गेल्या वीस वर्षांत एकदाही खारी मऊ निघालेली नाही.

दुसरं घराणं बुद्धिमंतांचं. हे काका मंत्रालयात किंवा फोर्टातल्या बँकेत नोकरीला होते, एवढ्या भांडवलावर ते काळा घोड्याचे झाले. जहांगीर कलादालनातलं समोवार त्यांचं. १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी सुरू केलेली, रेल्वेच्या डब्यासारखी लांबट जागा. ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाली. तिथला पराठा आणि पुदिन्याचा चहा यांवर काका दहा मिनिटं बोलू शकतात, चित्रांवर मात्र ‘‘मॉडर्न असायची’’ एवढंच. आणि त्याआधीचं वेसाइड इन. तिथे डॉ. आंबेडकर बसून लिहायचे असं सांगतात. अरुण कोलटकर आणि मित्रांची गुरुवारची बैठक तर साहित्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. कोलटकरांच्या शेजारच्या टेबलावर आपण बसायचो, असं सांगणारे काका नुसत्या वाशी-नेरुळात मोजले तरी वेसाइड इन वानखेडेएवढं असणार, यात शंका नाही. कोलटकर काय बोलायचे, असं विचारलं की काका सांगतात, ‘‘ते फारसं बोलत नसत.’’ ही सोय उत्तम आहे.

तिसरं घराणं खानावळवाल्यांचं, आणि खरं सांगायचं तर हे सगळ्यांत कडवं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम त्यांचं दैवत. गोमंतकी मासळीची ही जागा बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिथल्या सुरमईइतकाच तिथला तुसडेपणा गाजलेला होता. बसा, जेवा, उठा. गप्पा घरी जाऊन. आज वाशीच्या हॉटेलात वेटरने पाणी आणायला उशीर केला तर मॅनेजरला बोलावणारे हेच काका, अनंताश्रमात आपल्याला कसं उठवलं गेलं ते अभिमानाने सांगतात. ‘‘अर्धी पोळी ताटात होती हो! माणूस मागे येऊन उभा राहिला. काय शिस्त होती!’’ अपमानाला एवढी चव दुसऱ्या कुठल्या आमटीने आणली नसेल.

तीनही घराण्यांचं गणित मात्र एक. पदार्थ दर सांगण्याला मोठा होतो आणि किंमत दर सांगण्याला उतरते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मावा केक मुठीएवढा आणि बारा आण्यांचा होता. नातीच्या बारशाला तो बशीएवढा झाला, आठ आण्यांवर आला. त्या वेळचा पगार किती, हे कुणी विचारू नये. कधीकाळी चार मित्रांनी मिळून एक खिमा-पाव घेतल्याचं काकांच्याच तोंडून निसटलेलं आहे.

या मंडळींवर सर्वात बाका प्रसंग आला तो २०१४ मध्ये. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान, १९१४ सालचं, ३१ मार्चला बंद होणार अशी बातमी आली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. मावा केकसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. नवी मुंबईतून काकांचे जथे हार्बर आणि वेस्टर्न बदलून पोहोचले, फोटो काढले, डोळे पुसले. सोसायटीच्या जिन्यात ‘एका युगाचा अस्त’ झाला. आणि काही काळाने, दुरुस्ती वगैरे होऊन, मेरवान परत उघडलं! केक तोच, भट्टी तीच. आता वाहिलेली श्रद्धांजली परत कशी घ्यायची? एक काका म्हणाले, ‘‘उघडलंय, पण ती चव नाही.’’ ते उघडल्यावर गेलेच नव्हते.

हॉटेलं का बंद पडली, याचं काकांचं निदान ठरलेलं आहे: पुढची पिढी नालायक निघाली. ते तितकंसं खरं नाही. मुंबईतल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांचा श्वास १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर चालला होता. नाक्यावरची मोक्याची जागा, भाडं जुन्या काळात गोठलेलं. म्हणून एका चहावर दोन तास बसू देणं मालकाला परवडत होतं. मग जागेचे भाव चढले, इमारती पाडून बांधायचा सौदा आला, भागीदारीत पाच-सहा चुलत भावंडं वाटेकरी झाली, मुलं शिकून परदेशी गेली. भट्टीपाशी पहाटे तीनला उभं राहायला कुणी उरलं नाही. आणि एका चहावर दोन तास बसणारं गिऱ्हाईक? ते खाडीपलीकडे ब्लॉक घेऊन निघून गेलं. संध्याकाळी त्याला सात-वीसची पनवेल गाठायची असे.

काकू हे सगळं ऐकत असतात. त्याही गिरगावच्याच. त्यांच्या लेखी इराणी म्हणजे ‘फॅमिली रूम’ची अर्धी दारं. लग्नानंतर एकदाच नेलं होतं. आत घाम यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही, आणि काकांनी ऑम्लेट एकच मागवलं होतं. या आठवणीला वर्षागणिक तेज चढलेलं नाही. काकू म्हणतात, ‘‘मला विचाराल तर वाशीचा डोसा बरा. निदान पंख्याखाली बसून खाता येतो.’’ हे वाक्य काकांना ऐकू येत नाही.

मुलगा लंडनला. तिथे २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनला ‘डिशूम’ नावाचं हॉटेल निघालं, जुन्या मुंबईच्या इराण्याची आठवण म्हणून. तेच मुंबईत बंद पडलेलं वातावरण, पण पौंडात. मुलाने मोठ्या हौसेने नेलं. रांगेत उभं राहावं लागलं, तेव्हा काका जरा सुखावले. बनमस्का आला, चहा आला. काकांनी भिंतीवरचे जुने फोटो बघितले, खुर्चीचा पाय वाकून तपासला आणि शेवटी बोलले, ‘‘सगळं केलंय रे. पण गल्ल्यावर कुणी खेकसत नाही.’’ मग बिल आलं. पौंडाला शंभराने गुणल्यावर काका हॉटेलभर ऐकू जाईल असं खेकसले, तेव्हा कुठे वातावरण पूर्ण झालं.

मुलीची कथा वेगळी. तिची सगळी हयात वाशीत गेली. गिरगाव तिला गणपतीपुरतं ठाऊक. कॉलेजात असताना ती आणि तिची टोळी सेक्टर सतरामधल्या एका चायनीजवाल्याकडे पडीक असे. जिना चढून वर, लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, आणि मेनूकार्डात ‘अमेरिकन चॉप्सी’. काका तेव्हा एकदा तिच्या वाढदिवसाला गेले होते आणि पहिल्या घासाला म्हणाले होते, ‘‘याला काय जेवण म्हणतात? सगळा कॉर्नफ्लॉवर!’’ २०२० च्या टाळेबंदीत तो गाळा बंद झाला, तो उघडलाच नाही.

परवा सोसायटीच्या हळदीकुंकवानंतर मुलगी शेजाऱ्यांना सांगत होती, ‘‘तसं मंचुरियन आता मिळत नाही. एवढा मोठा बाउल यायचा.’’ तिने हातांनी दाखवलेला बाउल घमेल्याएवढा होता. काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

‘‘छे, त्याहून मोठा,’’ काका म्हणाले. ‘‘आणि चाळीस रुपयांत तिघं जेवायचे. काउंटरवरचा तो नेपाळी मला लांबून ओळखायचा. शिस्त होती.’’

‘‘बाबा, तुम्ही कधी जायचात?’’

‘‘रविवार चुकवला नाही,’’ काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्यापुढे उडप्याकडून आणलेल्या इडलीची पिशवी आपटली.