धगधगत्या बेटांवर निवांत कसं लोळावं

पहिली गोष्ट, कॅनरी बेटं नकाशात स्पेनजवळ शोधू नका. स्पेनची आहेत म्हणून ती स्पेनला चिकटून असावीत अशी काही सक्ती नाही. फुएर्तेव्हेन्तुरा या बेटापासून आफ्रिकेचा किनारा जेमतेम १०० किलोमीटरवर, माद्रिद मात्र दीड हजाराच्याही पलीकडे. स्पॅनिश टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशात ही बेटं कोपऱ्यात चौकट आखून बसवलेली असतात. घड्याळही माद्रिदच्या एक तास मागे. रेडिओवर वेळ सांगताना ‘कॅनरीत एक तास कमी’ असं न चुकता जोडतात. तुम्हाला व्हिसा मात्र शेंगेनचाच लागेल. बँकेचं स्टेटमेंट, आयकराचे कागद आणि ‘मी नक्की परत येणार आहे’ असा चेहरा घेऊन रांगेत उभे राहा.

आता हवा. इथे बारा महिने ऊब असते असं जाहिराती सांगतात, पण ही ऊब मँचेस्टरच्या मापाने मोजलेली आहे. जानेवारीच्या दुपारी पारा वीस अंशांच्या आसपास असतो आणि इंग्रज-जर्मन मंडळी उघड्या अंगाने वाळूवर पसरलेली असतात. नाशिककर अशा हवेत मफलर शोधतो. अक्षांश जवळपास दिल्लीचाच, पण किनाऱ्याने थंड समुद्रप्रवाह वाहतो आणि ईशान्येकडून व्यापारी वारे येतात, त्यामुळे दिल्लीचा उन्हाळाही नाही आणि हिवाळाही नाही. फेब्रुवारीत समुद्राचं पाणी १९ अंशांच्या घरात असतं. गोव्याच्या लाटांत तासन्‌तास डुंबणाऱ्यांनी इथे आधी पायाचा अंगठा बुडवावा आणि मग कुटुंबाशी चर्चा करावी.

वस्तीची बेटं आठ. नवशिक्याने तेनेरीफेच्या दक्षिण किनाऱ्याला उतरावं. वारे आपला ओलावा उत्तरेच्या डोंगरांवर टाकून येतात, म्हणून दक्षिण कोरडी आणि लख्ख उन्हाची, हॉटेलंही तिथेच. स्पॅनिशचा एक शब्द न बोलता आणि वेटर सोडून कॅनरीतल्या एकाही माणसाशी न बोलता तिथे आठवडा आरामात निभतो. उत्तरेला अनागाच्या डोंगरात धुक्यावर पोसलेलं लॉरेलचं रान आहे. असली रानं एके काळी दक्षिण युरोपात होती, आता मोजक्या बेटांवर उरली आहेत. तिकडे गेलात तर लोळण्यातला रस जाईल. तेव्हा जाऊ नका.

तेइदे हे ३,७१५ मीटरचं शिखर, स्पेनमधलं सर्वांत उंच. रोपवे ३,५५५ मीटरपर्यंत नेऊन सोडतो. उरलेल्या चढाला वेगळा परवाना लागतो आणि तो आधीच काढायचा असतो. ‘साहेब, एवढ्या लांबून आलोय’ इथे चालत नाही. डोंगर झोपलाय का, असं गाइडला विचारू नका. तेनेरीफेवरचा शेवटचा उद्रेक १९०९ चा, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या हिशेबात परवाचा.

लान्सारोतेला मात्र सवड काढा. १७३० च्या सप्टेंबरात इथली जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत धुमसत राहिली. बेटावरची चांगली शेतजमीन आणि गावंच्या गावं गाडली गेली. त्या जागी आज तिमानफाया राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला कर्मचारी खड्ड्यात वाळकी झुडपं टाकतो, ती काडी न लावता पेटतात. जमिनीत रोवलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततो, लगेच वाफेचा फवारा उसळतो. तुमचं काम तीन भागांत: दचकणे, मोबाइल उंच धरणे, ‘पुन्हा एकदा करा ना’ म्हणणे. शेजारच्या ‘एल दियाब्लो’, म्हणजे सैतान, नावाच्या हॉटेलात चक्क जमिनीच्या धगीवर जाळी टाकून कोंबडी भाजतात. शाकाहाऱ्यांनी बटाटे मागावेत. सालासकट खारट पाण्यात उकडलेले येतात, सोबत लसूण-मिरची-जिऱ्याची मोहो नावाची चटणी. तिचा हिरवा प्रकार कोथिंबिरीचा. घरची आठवण आली तर गोफियो मागवा. भाजलेल्या धान्याचं पीठ, आपल्या सातूचं सख्खं भावंड.

मग ला हेरियाला जा आणि वाइन चाखायच्या आधी खड्डे बघा. या बेटावर वर्षाकाठी जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरात जुलैतल्या एखाद्या दिवशी एवढा सहज पडून जातो. शेतं राखेखाली गेल्यावर शेतकऱ्यांनी राखेत खोल खड्डे खणले, तळाच्या मातीशी एकेक द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल गडगा रचला. सच्छिद्र राख रात्रीचा दमटपणा धरते आणि दिवसा मातीतली ओल उडू देत नाही. यंत्र आत जाऊ शकत नाही, सगळं हाताने. दुष्काळी भागातून आलेल्याने हॉटेलचा तलाव सोडून अर्धा दिवस इथे काढावा. (हे वाक्य गंभीर आहे, या मार्गदर्शिकेत चुकून शिरलं.) हॉटेलच्या तलावाचं म्हणाल तर बेटावर १९६४ पासून समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात. उडी मारताना हे आठवू नका.

याच बेटावर सेसार मान्रिके या चित्रकाराने लाव्हाच्या पाच बुडबुड्यांत स्वतःचं घर केलं. घरं पांढरी आणि बुटकी असावीत, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नसावेत, असा त्याचा हट्ट होता आणि तो बराचसा चालला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एकही फ्लेक्स नसलेला चौक पाहून मराठी माणसाला गलबलून येतं. अशा वेळी जरा बसावं, पाणी प्यावं.

ला पाल्मावर आवाज खाली ठेवा. १९ सप्टेंबर २०२१ ला तिथे उद्रेक सुरू झाला तो ८५ दिवस चालला. सुमारे ७,००० लोकांना घरं सोडावी लागली, तोदोके हे गाव लाव्हाखाली गेलं. उद्रेकाच्या दुसऱ्याच दिवशी स्पेनच्या तेव्हाच्या पर्यटनमंत्री रेयेस मारोतो यांनी हे पर्यटकांसाठी आकर्षण ठरू शकेल असं सुचवलं आणि टीका झाल्यावर सारवासारव केली. तुम्ही मंत्री नाही, तुमच्यासाठी सारवासारव करायला कोणी बसलेलं नाही. म्हणून गाडलेल्या छपरापुढे सेल्फी नको. जळगावकरांनी मात्र केळीच्या बागा पाहून बागाईतदाराशी जरूर बोलावं. भाषा येत नसली तरी भाव आणि पाणी हे दोन विषय हातवाऱ्यांवर निभतात.

रस्त्यात मोर्चा दिसला तर उत्साहाने हात हलवू नका, तो तुमच्याबद्दल असू शकतो. बेटांची वस्ती २२ लाखांच्या आसपास आणि वर्षाला पाहुणे दीड कोटीहून जास्त. २० एप्रिल २०२४ ला लोक हजारोंनी रस्त्यावर आले ते याच्या विरोधात. ‘कॅनरीला मर्यादा आहे’ अशी त्यांची घोषणा होती. घरभाडं परवडत नाही, हे मुख्य दुखणं. मुंबईच्या माणसाला ते दुभाष्याशिवाय कळेल.

परतीच्या बॅगेत दगड भरू नका. काळा, भोकाभोकांचा, शोकेसमध्ये ठेवावा असा असतो खरा, पण राष्ट्रीय उद्यानातून तो उचलायला बंदी आहे. अगदीच हौस असेल तर मुंबईत उतरून पुण्याची गाडी पकडा. खंडाळ्याच्या घाटात दोन्ही बाजूंना दिसतो तो सगळा लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाळ्यात गेलात तर वाकायचीही गरज नाही. दरडीबरोबर तो आपण होऊन रस्त्यावर येतो.