तंबूपासून किती लांब?

निसर्गाच्या सान्निध्यात एक रात्र काढून यायचं यावर घरात एकमत झालं, की खरी भांडणं सुरू होतात. कारण प्रत्येकाचा निसर्ग वेगळा. मुलाच्या निसर्गात चार्जिंगचा पॉइंट असतो. मुलीच्या निसर्गात झोपाळा असतो आणि त्यावर बसलं की मागे तळं दिसतं. मेव्हण्याच्या निसर्गात चुलीवरचं मटण असतं, आईच्या निसर्गात कमोड. बायकोचं म्हणणं सगळ्यांत साधं : "कुठेही चला, फक्त तिथे मला कुणी 'भाजी काय करायची' म्हणून विचारायचं नाही." या सगळ्या निसर्गांची बेरीज करून वर कापड ताणलं, की जे उभं राहतं त्याला हल्ली ग्लॅम्पिंग म्हणतात.

पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. पवना धरणाच्या काठाने चक्कर मारली तर लोहगड, तिकोना, तुंग यांच्या परिसरात इतके तंबू दिसतात, की कुठली तरी मोहीम निघायच्या बेतात असावी. भंडारदऱ्याला आहेत, तापोळ्याला शिवसागराच्या काठी आहेत, इगतपुरीकडे आहेत. प्रकारही बरेच. वाकून आत शिरायचा साधा डोम. त्रिकोणी ए-फ्रेम. पारदर्शक फुगा, ज्यात रात्री आपण पडल्यापडल्या तारे बघतो आणि सकाळी बाकीचे आपल्याला बघतात. सगळ्यांत वर स्विस टेंट. त्यात पलंग, पंखा, कधी एसी आणि मागच्या अंगाला स्वतःची न्हाणी. दर चढत जातो तसा तंबू खोलीसारखा होत जातो आणि शेवटच्या दराला तर तो खोलीच असतो, फक्त भिंती हलतात. बेत मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेला : चार वाजता चहा-भजी, अंधार पडला की बार्बेक्यू, मग शेकोटी, जेवण, सकाळी पोहे आणि अकराला "सर, चेक-आउट".

यातलं कुठलं निवडायचं? फोटो बघून तर काहीच ठरत नाही. सगळ्या फोटोंत पांढरीशुभ्र गादी असते, गादीवर टॉवेलचा हंस असतो, दाराशी कंदील असतो. माझं मत विचाराल तर तंबू बघूच नये. तंबूपासून बाकीचं सगळं किती लांब आहे, ते बघावं.

सगळ्यांत महत्त्वाचं अंतर संडासाचं. 'कॉमन वॉशरूम, एकदम स्वच्छ' एवढंच लिहिलेलं असतं. ते कुठे आहे याचा पत्ता नसतो. दुपारी आल्याआल्या ते अगदी शेजारी वाटतं. रात्री दोनला आईला जाग येते. ती उठते, म्हणजे आधी नुसती बसते, कारण डोममध्ये धड उभं राहता येत नाही. मग चष्मा. मग तंबूची चेन. ही चेन दिवसा कुणाला ऐकूही येत नाही. रात्री ती अशी वाजते की शेजारचे तीन तंबू कूस बदलतात. ती खालून वर जाते, मग कमानीसारखी वळते आणि नेमकी वळणावर कापड खाते. एकाने मोबाइलचा उजेड धरायचा, दुसऱ्याने कापड सोडवायचं आणि दोघांनी "हळू, पोरं उठतील" म्हणत पोरांना उठवायचं. बाहेर चपला. त्या झटकूनच घालायच्या. हे मात्र चेष्टेत सांगत नाही, चपला-बुटांत विंचू बसतो. मग दवाने ओलं झालेलं गवत आणि तंबूला ताण देणाऱ्या त्या दोऱ्या, ज्या अंधारात बरोबर नडगीच्या उंचीवर येतात. परतताना आई मान वर करते. "किती रे तारे!" म्हणते. तारे खरंच खूप असतात. मग म्हणते, "आता पुन्हा ती चेन."

अशा रात्रीनंतर पहाटे कपाळावर थेंब पडतो. पाऊस नसतो. चौघांनी रात्रभर सोडलेल्या श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी झालेलं असतं. तंबू वॉटरप्रूफ असतो, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही, तसंच आतलं बाहेरही जात नाही. झरोक्याची झडप थोडी उघडी ठेवली तर हे बरंचसं टळतं, पण थंडी वाजते म्हणून ती सगळ्यांत आधी बंद होते.

आता पाण्याचं अंतर. 'लेक-टच' असं छापलेलं असतं आणि शेजारचा फोटो हमखास पावसाळा संपतानाचा असतो. पण धरण ते धरण. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं आणि उन्हाळाभर जातच असतं, त्यामुळे मे महिन्यात लेक मागे सरकतो, तंबू तिथेच राहतो आणि मधे भेगाळलेला गाळ पसरतो. मुलांचं तोंड एवढंसं होतं. बरोबर लहान मुलं असतील तर हे अंतर भरपूर असावं, असंच मी म्हणेन. धरणाचा काठ म्हणजे पोहायचा तलाव नव्हे. एका पावलावर गुडघाभर पाणी, दुसऱ्या पावलावर तळ नाही, आणि पाय गाळात रुततो तो निराळाच. अशा ठिकाणी बुडाल्याच्या बातम्या दर मोसमात वाचायला मिळतात. नाव आहे का, हे विचारण्याआधी लाइफ जॅकेट किती आहेत आणि त्यात मुलांच्या मापाचं एखादं आहे का, हे विचारावं.

शेजारच्या स्पीकरबद्दल काय लिहावं? देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नियम धरणाकाठालाही लागू आहे, पण तिथे शनिवारी दहा वाजतच नाहीत. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मे संपता संपता आणि जूनच्या सुरुवातीला तिथली झाडं लुकलुकायला लागतात. तो सगळा उजेड म्हणजे नर-मादीच्या खाणाखुणा असतात. आपल्या उजेडात त्या पुसल्या जातात. अशा वेळी तंबूवर विजेच्या माळा झगमगत सोडून त्याखाली काजव्यांची वाट बघत बसलेली मंडळी दिसतात. काजवे लांब कुठेतरी असतात. शहाणे असतात.

कुटुंबकबिला घेऊन तंबूत राहायचा आपला इतिहास तसा फारसा उत्साह वाढवणारा नाही. १७६० साली भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले तेव्हा फौजेबरोबर बायकापोरं, यात्रेकरू, बुणगे असा मोठा गोतावळा होता आणि पुढच्या जानेवारीत पानिपतावर काय झालं ते सांगायला नको. थाट जमला तो मोगलांना. बर्निए नावाचा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काश्मीरच्या सफरीत, म्हणजे १६६४-६५ साली, छावणीबरोबर होता. त्याने लिहून ठेवलंय की बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एकात बादशहा मुक्कामाला, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. एकेक संच हलवायला ६० च्या वर हत्ती, २०० उंट, १०० खेचरं आणि १०० हमाल लागत. म्हणजे चार वाजता चेक-इन म्हणून आलमगिराला दीड वाजल्यापासून बॅगांवर बसून राहावं लागत नव्हतं.

हत्ती-उंटांवाचून हे जमवलं ते वारकऱ्यांनी. आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि दिंडी मुक्कामी पोचेपर्यंत राहुट्या उभ्या झालेल्या असतात. जमिनीचा उतार बघितलेला असतो, पावसाचं पाणी वळवायला भोवती चर मारलेला असतो, पाण्याचा टँकर कुठे उभा राहणार हे ठरलेलं असतं. सत्तरी ओलांडलेल्या आज्या तिथे दाटीवाटीने झोपतात आणि पहाटे ताज्यातवान्या होऊन चालू लागतात. अर्थात त्या दिवसभर चाललेल्या असतात. आपण दिवसभर भजी खाल्लेली असतात.

तंबूचाच हट्ट नसेल तर आणखी एक वाट आहे. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटन संस्था काढली, पुढे राज्यभर शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणही आणलं. अशा ठिकाणी बऱ्याचदा पक्की खोली आणि तिला लागून संडास मिळतो, खरीखुरी गाय असते आणि थंडीत गेलात तर हुरडा. आगटीतून कणीस काढायचं, गरम असतानाच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. बोटं भाजतात. मोबाइल धरायला हात रिकामा राहत नाही, हा तर आणखी फायदा. घरात पाच वर्षांखालचं किंवा सत्तरीपुढचं कुणी असेल तर मी डोळे मिटून शेतावरच जाईन. तंबू तरण्याताठ्यांचा.

तरीही मुलं तंबूवर अडून बसलीच, तर बुकिंग घेणाऱ्या मुलीला काही विचारू नका. ती "सर, सगळ्या फॅसिलिटीज आहेत" याच्या पुढे जाणार नाही. तिच्याकडून केअरटेकरचा नंबर घ्या. तो तिथल्याच गावचा असतो. संभाषण साधारण असं होतं :

"दादा, संडास तंबूपासून किती लांब आहे?"

"हे काय, इथंच."

"इथंच म्हणजे?"

"आंब्याच्या पल्याड."

"आणि आंबा?"

जरा वेळ कुणीच बोलत नाही. मग तो विचारतो, "बरोबर म्हातारं माणूस हाय का कुणी?"

"आई आहेत."

"मग त्यांना खालचा टेंट देतो. बाथरूमवाला. आणि शनिवारी येऊ नका, लय दंगा असतो."

असा माणूस फोनवर भेटला तर पुढचे फोटो बघू नका. तिथलंच बुकिंग करा, मंगळवारचं, आणि बॅटरी प्रत्येकाची वेगळी घ्या.