चपला बाहेर, डॉस आत

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण यंत्राला धूळ सोसत नाही. दार लगेच लोटायचं, कारण एसी चालू आहे. एवढं सोवळं पाळून विद्यार्थी खुर्चीत टेकला, की समोर काळा पडदा, त्यावर 'सी', पुढे दोन-तीन चिन्हं आणि एक लुकलुकणारी रेघ. बस्स. चित्र नाही, बटण नाही. आपण काही टाइप करेपर्यंत डॉस, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, ढिम्म.

केल्यावरही फारसं बोलत नसे. काम फत्ते झालं तर बहुतेकदा मुकाट पुढची ओळ. बिघडलं तरच तोंड उघडायचं. फायलींची यादी मागणाऱ्या 'डीआयआर'च्या जागी घाईत 'डीआरआय' पडलं, की 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. आता बॅड काय, कमांड की नाव? ते ज्याचं त्याने शोधावं.

हा स्वभाव जन्मजात असावा. १९८० साली सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटरसनने ही प्रणाली लिहिली, तेव्हा तिला म्हणत क्यूडॉस, म्हणजे 'क्विक अँड डर्टी ऑपरेटिंग सिस्टिम'. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१मध्ये ती आयबीएमच्या पीसीवर बसून बाजारात आली. बारसं नव्याने झालं, वळण तेच राहिलं.

जुन्या पीसीत घड्याळाला बॅटरी नसे, त्यामुळे सुरू होताच तो तारीख विचारायचा. कंटाळून नुसतं एंटर दाबलं, की तारीख पडे १ जानेवारी १९८०, मंगळवार. कित्येक कचेऱ्यांतली पत्रं त्यामुळे पीसीच्या जन्माआधीच लिहून तयार होती.

खरी कसोटी नाव ठेवताना. फाइलचं नाव आठ अक्षरांत, मग टिंब, मग तीन अक्षरं. मध्ये जागा सोडायची नाही. 'मार्च महिन्याचा पगार' रोमन लिपीत बरोबर आठ अक्षरांत बसवला, की व्हायचा 'मारपगार'. लेखा विभागात कुणाला त्यात वावगं वाटलं नसावं.

आणि मग पुसणं. एकच फाइल पुसायची तर डॉस काही विचारत नसे; 'डेल' म्हटलं की गेली. 'डेल स्टार डॉट स्टार' म्हटलं तर मात्र सगळ्याच फायली जाणार म्हणून विचारायचा, 'आर यू शुअर?'

"सर, हे शुअर का विचारतंय."

"काय दाबलंस?"

"वाय."

सर कपाळाला हात लावत. पण गंमत अशी, की फाइल तेव्हाही पूर्ण जात नसे. डॉस यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण करायचा आणि ती जागा मोकळी समजायचा. मजकूर तिथेच पडून. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर १९९१च्या पाचव्या आवृत्तीपासून 'अनडिलीट' म्हणून तो परत मागता येई. फक्त पहिलं अक्षर डॉस विसरलेला असे. ते सांगा म्हणायचा. कुणी 'एम'ऐवजी 'बी' दाबला, तर 'मारपगार'चा 'बारपगार' होऊन परत येई. डॉसची हरकत नसे.

मजकूर लिहायला 'कॉपी कॉन' होतं: नाव द्या, लिहीत सुटा, शेवटी कंट्रोल-झेड. एंटर दाबून खाली आलात, की वरच्या ओळीतली चूक दुरुस्त करायला परत वर जाता येत नसे. यातलं 'कॉन' म्हणजे खुद्द कीबोर्ड आणि पडदा. डॉसने हे नाव स्वतःसाठी राखून ठेवलं, ते इतरांना कधीच दिलं नाही. विंडोजने सगळं बदललं, पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून हे आरक्षण तसंच ठेवलं. आज आपल्या लॅपटॉपवर सी-ओ-एन नावाचा फोल्डर करून बघा. विंडोज नाही म्हणेल.