मनुष्य असल्याचा परवाना

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका गुरुवारी रात्री साडेनऊ वाजता, मी माणूस नाही असं सिद्ध झालं. एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा. घरातल्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही.

निमित्त नाटकाचं होतं. एका हौशी मंडळानं ‘घाशीराम कोतवाल’चा प्रयोग लावला होता. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि नाटक ‘तसलं’ आहे या कारणावरून घरून परवानगी मिळाली नव्हती. पुढे कॉलेजात गेल्यावर चोरून पाहिलं. आता उजळ माथ्यानं बघावं म्हटलं, तर तिकीट काढायचं मोबाइलवर.

पूर्वी तिकीट म्हणजे खिडकी. खिडकीपलीकडचा माणूस खुर्च्यांचा छापील प्लॅन पुढ्यात घेऊन बसलेला असे. आपण ‘दोन द्या’ म्हटलं की तो मान वर न करता लाल पेन्सिलीनं दोन फुल्या मारी. वर्षातून चार-पाचदा तोंड दिसलं की ओळख होई. ‘मागच्या वेळी खांबामागं बसलात ना? आज मधल्या घ्या,’ असं तो म्हणे. त्यानं मला कधी नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. मी माणूस आहे याबद्दल तर त्याच्या मनात कधी संशयच आला नाही. सुट्टे पैसे नसले तर त्याचं मत तात्पुरतं बदलत असे, इतकंच.

मोबाइलनं मात्र नाव, नंबर, ईमेल सगळं घेतलं आणि मग नऊ चौकोन पुढे केले. ‘झेब्रा क्रॉसिंग असलेले सर्व चौकोन निवडा.’

मी चष्मा पुसला. ज्याची हयात पुण्यात गेली त्याला हा प्रश्न? आमच्याकडे झेब्रा क्रॉसिंग ही बघण्याची नव्हे, आठवण्याची गोष्ट आहे. सोमवारी पट्टे मारतात, मंगळवारी कोणीतरी केबल टाकायला खणतं, बुधवारी चर बुजवतात आणि गुरुवारपासून त्या जागी काळ्यावर काळा असा उंचवटा उरतो. इंग्लंडात हे पट्टे १९५१ साली रीतसर रस्त्यावर आले. पट्टे दिसले की गाडी थांबावी, अशी त्यामागची कल्पना. आमच्याकडे येईपर्यंत त्यात किंचित फरक पडला. पट्टे दिसले की पायी चालणारा थांबतो.

तरी मी धीर करून तीन चौकोन टिपले. पांढरं आणि काळं आलटून पालटून दिसलं की टिपायचं, असा हिशेब. त्यातला एक जिना निघाला. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ दुसऱ्या खेपेला फायर हायड्रंट निवडायचे होते. रस्त्याच्या कडेला लाल रंगाचा, बसका, डोक्यावर टोपी आणि दोन्ही हात कमरेवर ठेवलेला काहीतरी प्रकार होता. मला ते एखाद्या देवस्थानाचं काम वाटलं. आपल्याकडे लाल रंगाचं, रस्त्याच्या कडेला आणि हात कमरेवर म्हटल्यावर माणूस चप्पल काढतो, टिचकी मारत नाही.

शेवटी न्यू जर्सीला लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे भर दुपार होती. ती खिडकीशी गेली आणि फोन बाहेर वळवून म्हणाली, “हे बघा बाबा, आमच्या दारातच आहे. आग लागली की बंबवाले याला पाइप जोडतात.”

“आणि इथे?”

“तिथे बंब स्वतःच पाणी घेऊन येतो.”

“गल्लीत शिरला तर,” सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

लेक संगणकातली, त्यामुळे तिनं मला सगळी वंशावळ सांगितली. या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन आणि मंडळींनी हे नाव रूढ केलं. त्या नावाच्या पोटात टुरिंग आहे. ॲलन टुरिंगनं १९५० मध्ये प्रश्न टाकला होता, की गप्पा मारता मारता यंत्रानं ‘मी माणूसच आहे’ असं समोरच्याला पटवलं तर काय म्हणायचं? तेव्हा परीक्षक माणूस होता आणि यंत्र उमेदवार. आता यंत्र परीक्षकाच्या खुर्चीत आहे आणि मी बाकावर. मधल्या काळात खुर्च्या कधी बदलल्या हे आम्हाला कोणी कळवलं नाही.

पुढचं ऐकून तर मी थक्क झालो. २००७ पासून या परीक्षेत दोन शब्द दिसू लागले. एक यंत्राला येत असलेला आणि एक जुन्या छपाईतला, त्याला न वाचता आलेला. परीक्षा पहिल्या शब्दाची, दुसऱ्यावर आपली मेहनत फुकट. लोकांनी अशी जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं शब्दाशब्दानं उलगडून दिली.

“याला आमच्या वेळी वेठबिगार म्हणत,” मी म्हणालो.

“आणि बाबा, २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या लोकांनी तपासून पाहिलं, तर ही कोडी यंत्रं माणसांपेक्षा लवकर आणि अचूक सोडवतात.”

म्हणजे मी चुकलो हाच माझ्या माणूसपणाचा पुरावा! पण तो दाखल करून घ्यायला खिडकीत कोणी नव्हतं.

तिसऱ्या खेपेलाही चुकलो आणि खातं बंद पडलं. ते उघडायला ‘गुप्त प्रश्न’. पहिला, आईचं माहेरचं आडनाव. हे गुपित? मामाच्या फाटकावर संगमरवरात कोरलंय. भावंडांच्या लग्नपत्रिकांत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ याच्या वरच्याच ओळीत छापलंय. आजोळच्या एसटी स्टँडवर विचारलंत तर आडनावाबरोबर उधारीही कळेल. दुसरा प्रश्न, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव. न्यू इंग्लिश स्कूल. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी पुण्यात ती काढली आणि नंतर प्रत्येक तालुक्यानं आपापली काढली. हे उत्तर घेऊन कोणी निघालं, तर निम्म्या महाराष्ट्राची खाती उघडतील. तिसरा, लाडक्या प्राण्याचं नाव. आमच्या लहानपणी कुत्रा म्हणजे मोती. दुसरं नाव असलं तर तो कुत्रा शेजाऱ्यांचा.

खातं उघडलं. मग नवा पासवर्ड. एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि मागच्या पाचांपैकी एकही नको. मुलासाठी स्थळ बघतानासुद्धा आमच्या आत्याबाईंनी एवढ्या अटी घातल्या नव्हत्या. केला तयार. विसरू नये म्हणून कालनिर्णयाच्या मागे लिहिला. सुरक्षा ही अशी खिळ्याला टांगलेली असली की बरी असते. दोन तिकिटं मिळाली, त्यातली एक खुर्ची खांबामागची.

शनिवारी सकाळी मात्र नवल घडलं. फोन आला. पलीकडून भरदार आवाजात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग फ्लॅट नंबर. मग लेक परदेशी असते हेही. “तुमच्या नावानं आलेल्या पार्सलमध्ये आक्षेपार्ह वस्तू सापडल्यात. मी पोलिस अधिकारी बोलतोय. तुम्हाला डिजिटल अरेस्ट करतोय. व्हिडिओ कॉल सुरू ठेवा, खोलीबाहेर पडू नका, घरात कोणाला सांगू नका.”

खरं सांगतो, भीती वाटण्याआधी मला भरून आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला एका दमात ओळखलं होतं. ना चौकोन, ना पट्टे, ना मोती. ज्यांच्याकडे माझे पैसे आहेत ते मला माणूस मानायला तयार नाहीत, आणि ज्याला ते पैसे हवेत त्याला माझ्याबद्दल तिळमात्र शंका नाही!

व्हिडिओत गणवेश होता, मागे झेंडा होता, टेबलावर कागदांचा ढीग होता. नेपथ्य म्हणाल तर चोख. फक्त उजव्या खांद्यावरचा बिल्ला उलटा लागला होता, आणि माझं लक्ष तिकडे गेलं ते निव्वळ आयुष्यभर नाटकं पाहिल्यामुळे. हौशी मंडळात ड्रेपरीवाला ऐनवेळी घाई करतो तेव्हा असंच होतं.

“कोण आहे हो?” सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“मला अटक झालीय,” मी म्हणालो. घरात सांगू नका ही अट अशी पहिल्या मिनिटाला मोडली.

त्या पोळीचं उलथनं घेऊन आल्या, पडद्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “साहेब, अटक करायला घरी या. येताना अर्धा लिटर दूध आणा.” फोन कट. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही, हे मला नंतर १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन केल्यावर समजलं. सौभाग्यवतींना ते आधीच माहीत होतं. त्यांच्या कायद्यात जो दूध आणू शकत नाही तो अधिकारी नव्हे.

रविवारी निघालो नाटकाला. कोथरूडकराला पेठेत जायचं म्हणजे नगररचनेची तोंडी परीक्षा. आमच्या गावात नावांवर विसंबून चालत नाही. १७६१ च्या पानिपतानंतर बांधलेला लाकडी पूल आजही लकडी पूलच, पण त्यात फळी शोधून सापडायची नाही. महापालिकेजवळच्या पुलानं शंभरी ओलांडली, तरी तो नवा पूल. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आम्ही २०२० मध्ये पाडला, कारण तिथे उड्डाणपूल बांधायचा होता. आणि चांदणी चौकातला पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून उडवला. धूर निवळला, तर पुलाचा बराचसा भाग जागच्या जागी! पुढे त्याला यंत्रांनी ढकलून पाडावं लागलं. इतक्या लोकांसमोर, एवढ्या थाटानं सांगूनही जो जागचा हलला नाही, त्याच्या पुणेकर असण्याचा दाखला कुठल्याही कॅप्चाहून खणखणीत होता.

वनाजहून डेक्कनपर्यंत मेट्रोनं दहा-बारा मिनिटांत पोचलो. डेक्कनचं हे स्टेशन मावळ्यांच्या पगडीच्या घाटाचं आहे. भविष्यातली गाडी इतिहासाच्या डोक्याखालून जाते. पुढचं अंतर पायी, त्याला पंचवीस मिनिटं. फुटपाथ होता, पण त्यावर आधी एक दुचाकी, मग एक डीपी, मग एक अमृततुल्य आणि शेवटी तो स्वतःच नव्हता. एकेरी रस्ता आहे म्हणून मी एकाच बाजूला बघत ओलांडू लागलो. दुसऱ्या बाजूनं आलेला मोटारसायकलवाला माझ्या अज्ञानाकडे करुणेनं बघत गेला.

नाटक मात्र जसंच्या तसं जिवंत निघालं. खांबाच्या डावीकडून मला नाना फडणवीस दिसत होते आणि उजवीकडून घाशीराम. दोघं एकत्र आले की मला खांब दिसे. तरी पूर्वी ध्यानात न आलेलं एक या खेपेला आलं. या कोतवालाच्या पुण्यात रात्री बाहेर पडायला परवाना लागतो. मढं जाळायलासुद्धा परवाना. जो तो दारात थांबून आपण कोण ते सिद्ध करतोय. मी सौभाग्यवतींच्या कानात म्हणालो, “अगं, हा तर ओटीपी!” त्या म्हणाल्या, “श्श्.” खऱ्या घाशीराम सावळदासाला १७९१ मध्ये लोकांनी दगडांनी ठेचलं. त्यानं कोंडून ठेवलेली माणसं गुदमरून मेली होती. तेव्हा पुण्यात ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायची सोय नसावी.

आणि ती ब्राह्मणांची रांग! डझनभर माणसं हातात हात घालून उभी राहतात, पाठ फिरवली की भिंत होते, तोंड वळवलं की गाव होतं. मंचावर दुसरा पडदा नाही, हाच मानवी पडदा. एकेकटा सुटा केला तर कोतवाल ज्याला उचलून नेईल, तो रांगेत असला की नाचतो.

प्रयोग सुटला आणि आम्ही सगळे हमरस्त्याच्या कडेला येऊन थबकलो. समोर गाड्यांचा लोंढा. सिग्नल होता, पण तो नारळाच्या झावळीमागून डोळे मिचकावत होता. पायाखाली मला दोन पट्टे दिसले, पुसट, पण खरे. आमच्या शहरातला झेब्रा! मी मनातल्या मनात तो चौकोन टिपला.

कोणीच पाऊल टाकेना. शेवटी एका आजींनी, बहुधा माझ्यासारख्याच खांबामागून पाहून आलेल्या, माझं मनगट धरलं. मी सौभाग्यवतींचा हात धरला, त्यांनी कोण्या मुलीचा. बघता बघता पंधरा-वीस जणांची साखळी झाली आणि ती डुलत डुलत रस्त्यात उतरली. कोणीतरी चक्क नाटकातला ठेका धरला. बसनं ब्रेक लावला. रिक्षा थांबल्या. इतकी वर्षं जे पट्ट्यांना, सिग्नलला आणि आराखड्यांना जमलं नाही, ते बिनतिकिटाच्या या रांगेनं केलं.

अगदी मध्यावर एक मोटारसायकलवाला माझ्या गुडघ्यापाशी कचकन थांबला आणि हेल्मेटची काच वर करून ओरडला, “ओ काका, माणसं आहात की जनावरं?”

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! पर्याय दोनच होते, आणि त्यात यंत्र नव्हतं.