दिगूकाकांचं बजेट

दिगूकाकांना स्टिरिओ रिसीव्हर घ्यायचा आहे. बजेट पंचवीस हजार. त्यावर एक छदाम देणार नाही, हे ते सुरुवातीलाच बजावतात आणि पुढचे दोन तास लाखाच्या मालाबद्दल बोलतात.

जुने सेट धुंडाळणाऱ्यांची ही जमात पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात पाहायला मिळते. खिशात टॉर्च, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, चेहऱ्यावर 'मी सहज आलोय' असा भाव. फाटक्या ताडपत्रीवर एखादा सेट दिसला की आधी किंमत विचारायची नाही. व्हॉल्यूमची खुंटी धरून डावीउजवीकडे फिरवायची, हाताला खरखर लागते का ते बघायचं आणि विकणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, ''पॉट गेलाय.'' निम्मी किंमत तिथेच उतरते, असा काकांचा दावा आहे. विकणाऱ्याचा अनुभव वेगळा असावा.

काकांच्या या ध्यासाला कारण आहे. सत्तरच्या दशकात ते कॉलेजात होते. परदेशी माल आणण्यावर कडक बंधनं, वर जबर जकात. पायोनियर, सॅन्सुई, मरांट्झ ही नावं ऐकायची ती कुणाचा मामा बोटीवर असला किंवा मेहुणा आखातात असला तर. अशाच एका मित्राकडे काकांनी मरांट्झ २२७० पाहिला. निळ्या उजेडातली तबकडी, स्टेशन लावायला आडवं फिरणारं जड चाक, चॅनेलमागे ७० वॅट. मित्राच्या वडिलांनी हात लावू दिला नाही. मुलींनी नकार दिल्याचं काका विसरले, हे विसरले नाहीत.

आता पेन्शन आहे, वेळ आहे, हात लावायला कोणी अडवत नाही. पण काका बँकेतून निवृत्त झालेले. प्रेमातसुद्धा जमाखर्च मांडतात. सेट मिळेल स्वस्तात, पण आतले कपॅसिटर चाळीस-पन्नास वर्षांत सुकलेले, ते बदला. तबकडीचे चिमुकले दिवे गेलेले, ते शोधा. सेट अमेरिकेतून आलेला असेल तर १२० व्होल्टचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वेगळा. तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतील, पण ते बसवणारा, घाई न करणारा आणि फोन उचलणारा मेकॅनिक? हा तिन्ही गुणांचा माणूस काकांना अजून भेटलेला नाही.

एकदा मात्र त्यांनी जपानी सेट उचललाच. मेड इन जपान, लाकडी पेटी, स्वस्त. घरी आल्यावर कळलं की तो जपानमध्येच विकायला केलेला होता. वीज मागत होता १०० व्होल्ट, आणि एफएमचा पट्टा होता ७६ ते ९०. पुण्याची विविध भारती १०१ वर, खाजगी स्टेशनं ९१ च्या पुढे. काकूंनी विचारलं, ''मग यावर ऐकायला काय येतं?'' काका म्हणाले, ''काही नाही. पण जे येत नाही ते किती स्वच्छ येत नाही, बघ.''

मग नव्याकडे वळले. शोरूममध्ये यामाहाचा आर-एस २०२ ठेवला होता. १०० वॅट, ब्लूटूथ, रिमोट, वॉरंटी. काकांनी तो उचलला आणि चेहरा पडला. सात किलोसुद्धा नाही! मरांट्झ पंधरा किलोंच्या वर. आवाजाची प्रत वजनावर ठरते, या त्यांच्या सिद्धांताला कुठलाही आधार नाही, पण त्यांची श्रद्धा आहे. शिवाय मागे फोनोचं सॉकेट नाही, म्हणजे भीमसेनांच्या रेकॉर्डी लावायला प्रीअँप वेगळा घ्या. ''काका, हल्ली रेकॉर्ड कोण ऐकतं?'' असं शोरूममधला पोरगा बोलला. बिचाऱ्याचा जेवणाचा वेळ गेला.

वॅट हा तर त्यांचा खास विषय. अमेरिकन सरकारने १९७४ साली वॅट कसे मोजायचे याचा नियम केला, कारण कंपन्या वाटेल ते आकडे छापत होत्या, हे ते प्रत्येकाला सांगतात. आपल्याकडे पुढे पीएमपीओच्या नावाखाली हजारांचे वॅट खोक्यांवर झळकले, तेही सांगतात. एवढंच सांगत नाहीत की वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो. म्हणजे ७० आणि १०० मधला फरक त्यांच्या कानांना जेमतेम जाणवेल. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक वॅट चालू झाला की आतून काकूंचं ''आवाज कमी करा'' येतं. बाकीचे ६९ वॅट काका कशासाठी जपणार आहेत, देव जाणे.

मला विचाराल तर पंचवीस हजारांत नवा घ्यावा आणि जमेल तेवढे पैसे स्पीकरवर घालावेत. जुना घ्यायचा तो ओळखीचा मेकॅनिक असेल आणि सेटच्या मागे २२० व्होल्टचा खटका असेल तरच. हे मी काकांना सांगितलं. ''अगदी बरोबर,'' म्हणाले, आणि रविवारी पिशवी घेऊन बाहेर पडले.

तुमच्या माळ्यावर एखादा जुना रिसीव्हर धूळ खात असेल तर काकांना कळवू नका. कळवायचंच असेल, तर आधी काकूंना विचारा.